धागा: ‘पुल्चिनेला’ आणि शोस्ताकोविचची दहावी एकाच संध्याकाळी – बसवताना काय लागतं, ऐकताना कान कुठे ठेवावा

खर्जातला

मध्यंतराआधी स्ट्राविन्स्कीचा ‘पुल्चिनेला’ सूट (बॅलेतून निवडलेल्या भागांची मालिका), नंतर शोस्ताकोविचची दहावी सिम्फनी. अशी जोडी बऱ्याच वाद्यवृंदांच्या पत्रिकेत दिसते. कागदावर ती सोपी वाटते: आधी हलकं, मग जड. प्रत्यक्षात दोन्ही रचना कठीण आहेत, फक्त उलट्या दिशांनी. पहिलीत प्रत्येक वादक उघडा पडतो, दुसरीत प्रत्येकाचा दम निघतो. म्हणून हा धागा. तालीम, मांडणी, वाद्यं, कुठे घसरतं आणि का, असं सगळं चालेल. ‘संगीत आत्म्याला भिडतं’ छाप प्रतिसाद कृपया दुसऱ्या धाग्यावर.

आधी हिशेब.

पुल्चिनेला: बॅले म्हणून पहिला प्रयोग १५ मे १९२०, पॅरिस ऑपेरा. नृत्य मासीनचं, नेपथ्य आणि पोशाख पिकासोचे, वाद्यवृंदासमोर आन्सर्मे. त्यातून काढलेला आठ भागांचा सूट १९२२ चा, सुधारून १९४९ मध्ये. वेळ २२ ते २४ मिनिटं. वादक ३३: दोन बासऱ्या (एकीकडे पिकोलोही), दोन ओबो, दोन बसून, दोन हॉर्न, एक ट्रम्पेट, एक ट्रॉम्बोन, आणि तंतुवाद्यं दोन गटांत. पुढे पाच जणांचा सोलो गट, मागे ४-४-४-३-३ (पहिली व्हायोलिन, दुसरी व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बास, या क्रमाने). क्लॅरिनेट नाही, टिंपनी नाही, एकही तालवाद्य नाही.

दहावी: पहिला प्रयोग १७ डिसेंबर १९५३, लेनिनग्राड, कंडक्टर म्राविन्स्की. चार भाग, ५० ते ५५ मिनिटं. तंतुवाद्यं १६-१४-१२-१०-८ धरली तर ६०, लाकडी फुंकवाद्यं १२, पितळी ११, टिंपनी आणि तालवाद्यांचे पाच-सहा. म्हणजे नव्वदच्या घरात.

---

सेकंड_डेस्क

मध्यंतरातल्या मांडामांडीपासून सुरू करतो, कारण ती कोणीच लिहित नाही.

पुल्चिनेलाला स्टँड साधारण २६: सोलो पाच जणांना प्रत्येकी एक, मागच्या व्हायोलिन-व्हायोला गटांना दोघांत एक याप्रमाणे सहा, चेलोला दोन, बासला तीन, फुंकवाद्यांना दहा. दहावीला साठेक. म्हणजे वीस मिनिटांत चौतीस स्टँड आणि पंचावन्नेक खुर्च्या आत आणायच्या. मागच्या लेव्हल्स (मागच्या रांगांचे उंच चौथरे) तेव्हा लावायच्या म्हटलं तर वेळ संपलाच. म्हणून लेव्हल्स, टिंपनी, झायलोफोन आणि टॅमटॅम (मोठी टांगती घंटाथाळी) सकाळीच जागेवर ठेवतात आणि ३३ जण त्यांच्यापुढे बसतात.

पण याची एक किंमत आहे. मागे रिकामं मोकळं रंगमंच राहिलं की छोट्या गटाचा आवाज मागे पळतो. पुढच्या रांगांना ओबो ऐकू येतो, बाल्कनीला नुसती कुजबुज. उपाय दोन: पूर्ण गटच पुढच्या कडेकडे दीड-दोन मीटर सरकवा, किंवा फुंकवाद्यांच्या पाठीशी लाकडी पडदे उभे करा. कापडी विंगा उपयोगाच्या नाहीत, त्या आवाज खातात.

आणखी एक. स्नेअर ड्रम मागे उभा असेल तर त्याची जाळी (खालच्या तारा) ढिली करून ठेवा. नाहीतर हॉर्नच्या काही सुरांना तो आपणहून कुरकुरतो. पुल्चिनेलात तालवाद्य नाही, पण श्रोत्याला ऐकू येतं!

---

कुंपणावरचा

माझा भाबडा प्रश्न. पुल्चिनेला हे पेर्गोलेसीचंच संगीत ना? मग स्ट्राविन्स्कीने केलं काय?

---

उत्तरमध्य

@कुंपणावरचा, दोन उत्तरं.

पहिलं, सगळं पेर्गोलेसीचं नाहीच. बॅले कंपनीचा चालक दियागिलेव्ह याने जी हस्तलिखितं दिली त्यांत पेर्गोलेसीच्या नावावर खपलेली बरीच उसनी मंडळी होती. सुरुवातीची सिन्फोनिया दोमेनिको गाल्लोच्या त्रयी-सोनाटातली. तारांतेला वासेनार नावाच्या डच सरदाराची. तोकाता आणि गावोत मोन्झाची. खरा पेर्गोलेसी सेरेनातामध्ये (त्याच्या ‘फ्लामिनिओ’ ऑपेरातलं गाणं) आणि विवोमध्ये (चेलोची सिन्फोनिया) सापडतो.

दुसरं, काय केलं. जुन्या संगीत नाटकांच्या छापील प्रती आठवा. पदाच्या डोक्यावर ‘चाल:’ असं लिहून जुन्या गाण्याचा मुखडा दिलेला असतो. तिथे चाल तीच, शब्द नवे. इथे चालही तीच आणि खालचा खर्जही बहुतेक तोच. बदललंय ते मधलं. मधल्या आवाजांत न बसणारे सूर घातलेत, ज्या मात्रेवर सुरावट सुटायला हवी तिथे ती एक मात्रा रेंगाळते किंवा आधीच सुटते, आणि वाद्यांची वाटणी अशी की अठराव्या शतकातला कोणी ऐकून दचकेल. नवअभिजात हे नाव नंतर चिकटलं. कान लावून ऐकलं तर जुन्या घराला नवा रंग दिलेला नाही, एक भिंत थोडी तिरकी बांधली आहे असं वाटतं.

---

पोकळ_वेत

त्या तिरक्या भिंतीमुळेच तालमीत भांडणं होतात. मधल्या आवाजांना वाटतं आपण चुकतोय, म्हणून ते नकळत सूर ‘दुरुस्त’ करतात किंवा दबकून वाजवतात. सेकंड व्हायोलिन आणि व्हायोलांना पहिल्याच तालमीत सांगावं की तो कडवट सूर छापल्याबरहुकूम आणि शेजाऱ्याइतक्याच जोराने.

आता भागवार, फुंकवाद्यांच्या बाजूने.

सेरेनाता. ओबोचा सोलो, १२/८, सी मायनर. मूळ बॅलेत हे टेनर गातो, म्हणून ओबोवाल्याने श्वासाच्या जागा गायकासारख्या ठरवाव्यात; बोटांच्या सोयीने ठरवल्या की वाक्य तुटतं. दमट हवेतून थंड वातानुकूलित सभागृहात आल्यावर ओबो खाली उतरतो, कारण नळीतली हवा गार होते. वाद्य किमान अर्धा तास आधी खोलीत असू द्या. आणि थंड वाद्यात एकदम गरम फुंक मारू नका, वरच्या जोडाला चीर जाते ती अशीच. मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे दुप्पट लागू. रीड दोन तयार ठेवा: एक सेरेनातासाठी मऊ, एक तोकाता-फिनालेसाठी जरा कडक.

गावोत आणि तिचे दोन फेरफार: फक्त फुंकवाद्यं. तंतुवाद्यांचं पांघरूण नाही. हॉर्न वर चढतो, शांत आवाजात. इथे कंडक्टरने हात लहान ठेवावा. मोठा हात दिसला की हॉर्न जोर लावतो आणि जोर लावला की सूर फुटतो. दुसऱ्या फेरफारात बसूनची लगबग. लय बसूनला पेलेल तीच ठेवा, बासरीला आवडेल ती नको.

तोकाता: ट्रम्पेट. तारांतेला संपते तिथूनच न थांबता सुरू. ट्रम्पेटवाला तोवर बराच वेळ गप्प बसलेला असतो आणि पहिलाच सूर स्वच्छ लागतो. त्याने तारांतेलाच्या शेवटच्या पानावर वाद्यात आवाज न करता गरम हवा भरत राहावी.

---

खर्जातला

विवोबद्दल मी लिहितो, नाव सार्थ करायला.

डबल बासचा सोलो आणि ट्रॉम्बोन यांची जुगलबंदी. बासच्या नोकरीच्या परीक्षेत हा तुकडा हमखास विचारतात. सगळ्यांना वाटतं हा विनोद आहे, म्हणून वादक विनोद ‘करायला’ जातो आणि सूर सोडतो. विनोद लिहिलेलाच आहे. बासवाल्याने काटेकोर, चकाकत्या सुरात, गंभीर चेहऱ्याने वाजवावं. अंगठा तारेवर टेकवून वरच्या जागा पक्क्या करा आणि बो (गज) पुलाच्या (घोडीच्या) जवळ, छोटा. लांब बो घेतला तर प्रत्येक सूर उशिरा बोलतो.

ट्रॉम्बोनच्या घसरणीची भानगड वेगळी. सलग खरी घसरण एकाच हार्मोनिकवर (ओठांची फुंक न बदलता), नळीच्या सात जागांतच होते, म्हणजे जास्तीत जास्त सहा अर्धस्वर (पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून सहा पट्ट्या). म्हणून प्रत्येक घसरण कुठल्या जागेपासून कुठल्या जागेपर्यंत जाणार ते पेन्सिलने लिहूनच ठेवा. आणि त्याचं तोंड थेट श्रोत्यांकडे नको. स्टँडच्या किंचित खाली, नाहीतर एकटा बास त्याच्यापुढे बुडतो.

---

सेकंड_डेस्क

मिनुएतोतून फिनालेत जाताना सर्वांत जास्त गडबड होते. मिनुएतो संथ, शेवटी ट्रॉम्बोनच्या हातात, आणि लगेच अलेग्रो. कंडक्टरने नवी लय मनात आधी मोजायला हवी. न मोजता हात मारला की पहिल्या दोन मात्रा कोणी जुन्या लयीत, कोणी नव्या. फिनालेत मात्रेबाहेरचे आघात आहेत. ते जड दिले तर सगळं मागे खेचतं. आघात म्हणजे जोर नव्हे, लहान सूर आणि त्यापुढची पोकळी.

पार्टबद्दल (प्रत्येक वाद्याची वेगळी छापील प्रत): दोन्ही रचनांचे भाड्याने घ्यावे लागतात. भारतात हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं. स्ट्राविन्स्की गेला १९७१ ला, शोस्ताकोविच १९७५ ला. म्हणजे अनुक्रमे २०३१ आणि २०३५ संपेपर्यंत. मागवताना १९४९ ची सुधारित प्रत असं स्पष्ट लिहा. स्कोअर (कंडक्टरची, सगळी वाद्यं एकत्र असलेली प्रत) एका आवृत्तीची आणि पार्ट दुसऱ्या आवृत्तीचे आले तर अर्धी तालीम ‘तुझ्याकडे काय छापलंय?’ यात जाते. तंतुवाद्यांचं बोइंग (बो कुठे वर, कुठे खाली) पार्ट वाटण्याआधी एकाच हाताने लिहून घ्या.

---

कुंपणावरचा

सूटऐवजी पूर्ण बॅलेच का नाही वाजवत? नाहीतर स्ट्राविन्स्कीचाच ‘अपोलो’?

---

उत्तरमध्य

पूर्ण पुल्चिनेलाला सोप्रानो, टेनर, बास असे तीन गायक, आणि चाळीसेक मिनिटं. त्यापुढे दहावी म्हणजे रात्रीची शेवटची लोकल चुकणार.

‘अपोलो’ (१९२८) मात्र मला जास्त पटतो. नुसती तंतुवाद्यं, सहा पार्ट, कारण चेलो दोन भागांत. संख्या ८-८-६-४-४-४. अर्धा तास, पांढराशुभ्र. त्याच्यानंतर दहावीचे खालचे चेलो-बास सुरू झाले की अंधार खरोखर पडतो. अडचण अशी की पहिल्या अर्ध्यात फुंकवाद्यं मोकळी बसतात आणि तंतुवाद्यं दोन्हीकडे राबतात. पुल्चिनेलात भार वाटला जातो. म्हणून व्यवहारात तोच जिंकतो. चवीने नाही, मजुरीच्या हिशेबाने.

---

झांज_आणि_शांती

आता दहावी. मागच्या रांगेतून.

शेवटच्या भागाच्या अखेरीस टिंपनी चार सूर बडवते: डी, ई फ्लॅट, सी, बी. जर्मन नावांनी डी, एस, सी, एच. म्हणजे संगीतकाराच्या नावाच्या जर्मन स्पेलिंगची (D. Schostakowitsch) सुरुवातीची अक्षरं. सी ला सा धरलं तर रे, कोमल ग, सा, मंद्र शुद्ध नि. (कोमल ग आणि शुद्ध नि एकत्र ऐकून कोणाला पटदीपची शंका आली तर हरकत नाही. पटदीप चढताना रे घेत नाही, त्यामुळे दुसऱ्याच सुराला शंका फिटते.)

गोची अशी की चारही सूर एका छोट्याशा पट्ट्यात दाटीवाटीने. नेहमीचा चार टिंपन्यांचा संच ३२, २९, २६, २३ इंचांचा. बी २९ वर वरच्या अंगाला येतो, सी आणि डी दोन्ही २६ च्या सोयीचे, ई फ्लॅट २३ वर खालच्या अंगाला. ३२ इंची ढोल या कामाला निरुपयोगी; त्याचं कातडं तिथवर ताणलं तर आवाज कोरडा होतो आणि सूर ठरत नाही. म्हणून दुसरी २६ इंची आणायची आणि चार सूर चार ढोलांवर लावून ठेवायचे. पेडलवर सूर बदलत मारता येईलही, पण त्या वेगात आणि त्या जोरात ‘वॉव’ अशी हेल येते. प्लास्टिकचं पान असेल तर दमट हवेचा त्रास कमी. खरं कातडं पावसाळ्यात दर भागानंतर पाहावं लागतं.

काठ्या: पहिल्या भागातल्या हलक्या गुरगुरीला मऊ, शेवटाला कडक. मधल्यांनी दोन्ही कामं करायला गेलात तर दोन्ही बिघडतात.

दुसरा भाग चार मिनिटांचा आहे आणि जवळपास सगळा मोठ्या आवाजात. स्नेअर ड्रमचा मोह म्हणजे पहिल्यापासून सर्वशक्ती. मग पुढे वाढवायला उरत नाही. माझ्या मते तिथे स्नेअर पितळी वाद्यांच्या मागे बसवावा, बाजूला नव्हे. लय एकाच ठिकाणाहून निघते.

---

सेकंड_डेस्क

दुसऱ्या भागात तंतुवाद्यांचं तेच. बो मधल्या भागाच्या जरा खाली, छोटा, मनगट सैल. खांद्यातून जोर लावला की दीड मिनिटात हात दगड होतो, मग लय मंदावते आणि दोष कंडक्टरवर. मागच्या डेस्कांनी पुढच्या डेस्कांचा बो पाहायचा, आवाजाला ताल धरायचा नाही. दहा मीटर मागे आवाज उशिराच पोहोचतो.

तालमींचं गणित: अडीच तासांच्या सहा तालमी असतील तर दोन पुल्चिनेलाला पूर्ण. त्यांतली एक फक्त ३३ जणांची, बाकीच्यांना घरी पाठवून. दहावीच्या दुसऱ्या भागाची तालीम पहिल्या तासात घ्या, शेवटी कधीच नको. आणि कार्यक्रमाच्या दिवशी तो भाग पूर्ण वाजवू नका. सुरुवात, शेवट, बस.

---

पोकळ_वेत

पहिल्या भागावर लिहायलाच हवं, कारण सिम्फनीचा जीव तिथे आहे. बावीस ते पंचवीस मिनिटं. सुरुवात नुसत्या चेलो-बासने, मग एकटा क्लॅरिनेट, अगदी हलक्या आवाजात. इथे लोक एक चूक करतात: फार संथ लयीत सुरू करतात. मग शिखराकडे चढताना लय नकळत वाढते. पहिल्याच सुरावटीला अशी चाल द्या जी शिखरावरही तशीच टिकेल.

दुसरी सुरावट बासरीच्या तळाच्या सुरांत, खाली तंतुवाद्यांचं पिझिकातो (बोऐवजी बोटाने छेडणं). बासरी तिथे मुळात अशक्त. तेव्हा तंतुवाद्यांनी ‘हळू’ म्हणजे खरोखर हळू, तारेला बोट लावल्यासारखं. बासरीला जोराने वाजव म्हणू नका, तो सूर चढून वर उडेल.

शेवटी दोन पिकोलो, खाली टिंपनीची गुरगुर. पिकोलो हळू वाजवला की सूर उतरतो, गार असला की अजून उतरतो, आणि दोन असले की उतरलेलं दोघांचं वेगवेगळं! शेवटच्या तीन-चार मिनिटांत दोघींनी वाद्य मांडीवर न ठेवता हातात, तोंडाजवळ गरम धरावं. एकीने ट्यूनरकडे पाहून वाजवायचं आणि दुसरीने तिच्याकडे, असं ठरवा. दोघी ट्यूनरकडे पाहू लागल्या की बिघडतं.

---

कुंपणावरचा

दुसरा भाग म्हणजे स्टालिनचं चित्र, असं प्रत्येक पत्रिकेत लिहितात. खरं?

---

उत्तरमध्य

ते विधान १९७९ मध्ये सॉलोमन व्होल्कोव्हने शोस्ताकोविचच्या आठवणी म्हणून छापलेल्या पुस्तकातून आलं. त्या पुस्तकाच्या खरेपणावर अभ्यासकांत अजून जुंपलेली आहे. स्टालिन ५ मार्च १९५३ ला गेला, सिम्फनी त्याच वर्षी उन्हाळ्यापासून शरदापर्यंत पुरी झाली, एवढं पक्कं. पियानिस्ट निकोलायेवाच्या सांगण्याप्रमाणे काही भाग त्याआधीच, १९५१ मध्ये, लिहिला जात होता.

मला ‘चित्र’ या शब्दाचा कंटाळा येतो. संगीतात दिसतं ते असं: सुरावटीची धाटणी मुसॉर्ग्स्कीच्या ‘बोरिस गोदुनोव्ह’च्या सुरुवातीशी जुळते, आणि तिथे ती सत्तेखाली दबलेल्या लोकांची आहे. हे पत्रिकेत लिहिलं तर श्रोत्याच्या कानाला काम मिळेल.

तिसऱ्या भागाचं मात्र कागदावर पुरावा असलेलं रहस्य आहे. हॉर्नची हाक बारा वेळा येते: ई, ए, ई, डी, ए. सी ला सा धरलं तर ग ध ग रे ध. मधल्या तीन सुरांना ला, मी, रे ही नावं देऊन वाचलं की एल्मिरा. एल्मिरा नाझिरोव्हा, त्याची माजी विद्यार्थिनी, अझरबैजानची. त्याने तिला १९५३ मध्ये लिहिलेल्या पत्रांत हे स्वतःच उलगडलंय. मालेरच्या ‘पृथ्वीचं गीत’च्या सुरुवातीच्या हॉर्नशी त्याचं साम्य आहे तेही त्याने ओळखलं.

तालमीसाठी: बारा हाकांची यादी करून प्रत्येकीपुढे जोर आणि अंतर लिहा. सगळ्या सारख्या वाजल्या तर तो मोबाइलचा रिंगटोन होतो. पहिल्या हॉर्नच्या शेजारी एक मदतनीस हॉर्न बसवा. मोठे सूर त्याने घ्यायचे, म्हणजे पहिल्याचे ओठ हाकांसाठी ताजे राहतील.

---

खर्जातला

दोघांतला दुवाही सांगून टाकावा. १९४९ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या शांतता परिषदेत शोस्ताकोविचला सगळ्यांसमोर विचारलं गेलं की सोव्हिएत वर्तमानपत्रांत स्ट्राविन्स्कीवर झालेली टीका त्याला मान्य आहे का. विचारणारा निकोलस नाबोकोव्ह. शोस्ताकोविचला हो म्हणावं लागलं. याच शोस्ताकोविचने स्ट्राविन्स्कीची ‘स्तोत्रांची सिम्फनी’ चार हातांच्या पियानोसाठी उतरवून घेतली होती. नंतर १९६२ मध्ये स्ट्राविन्स्की रशियात आला तेव्हा दोघे भेटले. पत्रिकेत जागा एकच परिच्छेद असेल तर हा घाला, ‘हुकूमशहाचं चित्र’ गाळा.

आणि १९५४ च्या मार्च-एप्रिलमध्ये मॉस्कोत संगीतकार संघाने या सिम्फनीवर तीन दिवस चर्चा केली. शोस्ताकोविच तिथे स्वतःच म्हणाला की पहिला भाग खरा सोनाटा-अलेग्रो (सिम्फनीच्या पहिल्या भागाचा रूढ, जलद साचा) झाला नाही आणि दुसरा बहुधा फार छोटा आहे. यात प्रामाणिकपणा किती आणि ढाल किती, ज्याने त्याने ठरवावं.

---

कुंपणावरचा

ऐकायला कोणतं ध्वनिमुद्रण? आणि आपल्याकडे हे प्रत्यक्ष कुठे?

---

पोकळ_वेत

दहावी: म्राविन्स्कीची लेनिनग्राडची मैफल (१९७६), कारायानची १९६६ ची बर्लिनची, आंचेर्लची चेक फिलहार्मोनिकबरोबरची जुनी. शिवाय १९५४ मध्ये खुद्द शोस्ताकोविच आणि संगीतकार वाइनबर्ग यांनी एका पियानोवर चार हातांनी वाजवलेली. ती नक्की ऐका, पितळी वाद्यांचा धूर नाही, हाडं दिसतात. पुल्चिनेला: आबादो-लंडन (पूर्ण) आणि मॅरिनरचा सूट.

आपल्याकडे एवढा ताफा मुंबईत एनसीपीएच्या (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाकडेच (२००६ पासून). सीझन लागले की त्यांची पत्रिका चाळा.

---

झांज_आणि_शांती

एक राहिलं. तिसरा भाग पिकोलो-बासरीच्या त्याच चार सुरांवर अगदी हळू विरतो आणि चौथा तसाच हळू, खालच्या तारांवर उघडतो. या मधल्या वेळात टिंपनीवाल्याने चारही ढोल पुन्हा लावायचे. कान कातड्याजवळ नेऊन, बोटाने टिचकी, काठीने नाही. मागच्या बाल्कनीतला खोकला तेवढ्यात होऊन जातो, त्याच्या आडोशाने बी आधी तपासा. २९ इंचीवर तो वरच्या टोकाला असतो आणि पहिला तोच घसरतो.